गाय माझ्या दावणीला, बिल्ला दुसऱ्याच्या नावावर

माणगंगाकाठ

नमस्कार मंडळी. सांगोला तालुक्यात आमची साडेचार एकर जमीन. तेल्या रोगानं डाळिंबाची बाग काढावी लागली, तेव्हापासून घर चालतं ते गोठ्यावर. पाच एचएफ (होल्स्टिन, काळ्या-पांढऱ्या विदेशी जातीच्या) गाई, दोन कालवडी, एक म्हैस. जनावरांच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरून गेले काही महिने जो मनस्ताप झाला तो इथं सविस्तर लिहितोय. आणखी कुणाला असा अनुभव असेल तर मार्ग सापडेल म्हणून.

२०२४ च्या उन्हाळ्यात काष्टीच्या बाजारातून दुसऱ्या वेताची गाय आणली. कास बघितली, चारी सडांची धार काढून बघितली, दात बघितले. कानात बिल्ला होता. १ जूनपासून बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्री बंद होणार हे ऐकून होतो, त्यामुळे बिल्ला दिसल्यावर निर्धास्त झालो. गाय चांगली निघाली. दोन्ही वेळचं मिळून २२ लिटर दूध.

जुलैपासून सरकारनं गाईच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान पुन्हा सुरू केलं. संकलन केंद्रावर आधार, बँक पासबुक आणि प्रत्येक गाईच्या बिल्ल्याचा १२ अंकी नंबर मागितला. मी सगळ्यांचे नंबर उतरवून दिले. चार गाई बरोबर निघाल्या. काष्टीच्या गाईचा नंबर टाकला की श्रीगोंदा तालुक्यातल्या कुणा शेतकऱ्याचं नाव येई. त्यानं ती एका हेड्याला, म्हणजे जनावरांच्या व्यापाऱ्याला विकली, त्यानं दुसऱ्याला, आणि दुसऱ्यानं मला. नाव मात्र पहिल्याचंच राहिलं. जनावरांच्या दवाखान्यात गेलो तर म्हणाले, नाव बदलायला जुन्या मालकाच्या मोबाईलवर ओटीपी जातो, तो आणा. नोंदीतला नंबर बंद. गावाचं नाव होतं, म्हणून एक दिवस मोडून तिथं गेलो. माणूस भला होता, पण आजारी मुलीला घेऊन पुण्याच्या दवाखान्यात होता. तसाच परत आलो.

२२ लिटरचे दिवसाला ११० रुपये, महिन्याला ३,३०० रुपये. तेवढ्यात एका गाईच्या पेंडीचा मोठा भाग निघतो. ऑक्टोबरपासून अनुदान ७ रुपये झालं, तेव्हाही ही गाय बाहेरच.

मी बिल्ल्याच्या विरोधात नाही. लम्पीच्या साथीत आमच्या वस्तीवर चार जनावरं गेली. लसीचा हिशोब राहावा हे मला पटतं. माझं म्हणणं एवढंच आहे: बिल्ला दवाखान्याची माणसं मारतात, नोंद तीच करतात, संगणकातली दुरुस्तीही त्यांच्याच हातात. पण नोंद चुकली किंवा जुनी राहिली की अनुदान माझं थांबतं, वीज पडून गाय गेली तर भरपाई माझी थांबते, बाजारात पावती माझी अडते. ज्याच्या हातात काहीच नाही त्याच्यावर सगळी जबाबदारी, हे कसं?

कुणी मालकाचं नाव बदलून घेतलं असेल तर नीट सांगा.

दावण

हीच गत आमच्याकडे दोन म्हशींची. वाचतोय.

पशुवैद्य७७

मी सरकारी नोकरीत पशुधन विकास अधिकारी आहे. आधी मागचं थोडं सांगतो, कारण नियम कशासाठी आला हे शेतकऱ्याला कुणी सांगितलेलंच नाही.

हा १२ अंकी नंबर देशभरात एकाच जनावराला मिळतो. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या 'इनाफ' या संगणक प्रणालीत या नोंदी सुरू झाल्या, आता त्या 'भारत पशुधन'मध्ये आल्या. सप्टेंबर २०१९ मध्ये मथुरेत लाळ-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस (जनावर गाभडवणारा रोग) यांच्या नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, तेव्हापासून बिल्ले मारण्याला खरा वेग आला. लाळ-खुरकुताची लस दर सहा महिन्यांनी द्यावी लागते. ब्रुसेलोसिसची लस चार ते आठ महिन्यांच्या कालवडीला, पारडीला एकदाच. आता सांगा, हजारभर जनावरांच्या गावात कुणाला दिली, कुणाला राहिली, हे नंबराशिवाय कसं कळणार? पूर्वी आम्ही 'काळी गाय, कपाळावर चांद' असं वहीत लिहायचो. एचएफच्या गावात सगळ्याच काळ्या-पांढऱ्या.

ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यात, रावेर तालुक्यात लम्पीची पहिली नोंद झाली आणि पाहता पाहता राज्यभर पसरली. मी तेव्हा महिनाभर घरी जेवलो नाही. मेलेल्या जनावरांसाठी गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार अशी मदत होती. ज्यांच्या नोंदी धड होत्या त्यांची प्रकरणं आम्ही झपाट्यानं पुढे पाठवू शकलो. बाकीच्यांची खातरजमा करता करता आम्हीही थकलो आणि शेतकरीही.

राज्यानं २०२४ मध्ये जो आदेश काढला त्याला आधार २००९ च्या जनावरांतील संसर्गजन्य रोग प्रतिबंधक कायद्याचा आहे. बिल्ला नसेल तर बाजारात आणि गावातही खरेदी-विक्री नाही, पशुसंवर्धन खात्याच्या सेवा नाहीत. नैसर्गिक आपत्ती, विजेचा धक्का, वन्य प्राण्याचा हल्ला यांत जनावर गेलं तर भरपाई नाही. कलमं कडक आहेत, मान्य. पण फुगलेली गाय दारात आली आणि कानात बिल्ला नाही म्हणून मी तिला परत पाठवलेलं नाही. आधी पोट मोकळं करायचं, बिल्ला नंतर. माझ्या ओळखीचा एकही डॉक्टर वेगळं वागत नाही.

माणगंगाकाठ, तुमच्या गाईबद्दल. एक चूक कृपा करून करू नका. 'जुना काढून टाका, नवा मारून घ्या' असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. तसं केलं तर संगणकात एकाच गाईच्या दोन गाई होतात. जुनी श्रीगोंद्यात जिवंत राहते, नवीला आगापीछा काही नाही: वेत नाही, रेतन नाही, लस नाही. उद्या विकायला काढली तर तिचा पूर्वेतिहास कोरा. जुना मालक परतला की त्याला जवळच्या दवाखान्यात जाऊन आधी मोबाईल नंबर बदलून घ्यायला सांगा. मग मालक बदल तुमच्याकडच्या दवाखान्यातून होईल. बाजाराची पावती जपून ठेवलीय ना?

माणगंगाकाठ

पावती आहे डॉक्टर. नवा बिल्ला मारण्याचा सल्ला दोघांनी दिला होता. बरं झालं थांबलो.

बालाघाटी

मी बीड जिल्ह्यातला. आमच्या घरात दोन पिढ्या ऊसतोडीला जातात. थोरल्या भावाची टायरगाडी आहे. दिवाळी झाली की बैलजोडी घेऊन कारखान्यावर, उन्हाळ्यात परत. सहा महिने बैल गावात नसतात. गावात लस द्यायला माणसं येतात तेव्हा आमचे बैल सांगली, कोल्हापूरकडे फडावर. तिकडच्या डॉक्टरला वाटतं हे इकडचे नव्हेत, इकडच्याला वाटतं ते गेलेत.

आमच्या जोडीला गावातच बिल्ले मारलेले होते. फडावर बैल रात्रंदिवस दाटीनं बांधलेले असतात, एकाची शिंगं दुसऱ्याच्या कानात. त्यात एकाचा बिल्ला कानासकट फाटून गेला. कान महिन्यानं भरला. बिल्ला गेला तो गेलाच, कुणी मनावर घेतलं नाही. घेणार तरी कधी? पहाटे तीनला उठून मोळ्या बांधणारा माणूस दवाखाना शोधत जाईल का?

गावी आल्यावर वळवाच्या पावसात लिंबाखाली वीज पडली. दोन्ही बैल जागेवर गेले. एका दाव्याचे दोघं, एकाच विजेनं गेलेले. पंचनामा झाला, शवविच्छेदन झालं. ओढकाम करणाऱ्या बैलाला ३२ हजार मिळतात. ज्याच्या कानात बिल्ला होता त्याचे पैसे आले. दुसऱ्याच्या कागदावर शेरा बसला, 'टॅग क्रमांक नाही'. भाऊ म्हणायचा, अरे दोघं शेजारी पडलेत, फोटोत दिसतायत, मग एक बैल आणि एक कोण?

पैसे शेवटी आले, पण आठ महिन्यांनी. तेही गावातल्या एका जुन्या पर्यवेक्षकानं लसीकरणाची शाईनं लिहिलेली वही शोधून त्यातून फाटलेल्या बिल्ल्याचा नंबर काढून दिला म्हणून. तोवर मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) फिरली होती आणि जोडीशिवाय भावाला त्या वर्षी नुसता कोयता घेऊन जावं लागलं. गाडीवाल्याचा कोयतेकरी होणं म्हणजे काय, ते आमच्या भागातल्या माणसालाच कळेल.

पशुवैद्य७७

बालाघाटी, वाचून वाईट वाटलं. त्या पर्यवेक्षकाला माझा नमस्कार सांगा.

सगळ्यांनी एवढं आजच करा. प्रत्येक जनावराचा बिल्ला स्पष्ट दिसेल असा फोटो काढा, आणि नंबर दोन ठिकाणी लिहून ठेवा. घरातल्या कॅलेंडरवर लिहिला तरी चालेल. बिल्ला पडला तर जुना नंबर सांगितल्यावर नव्या बिल्ल्याला जुनी नोंद जोडता येते. जुना नंबरच नसला की आम्हीही अंधारात. '१९६२' या शेतकऱ्यांच्या अॅपमध्ये नंबर टाकून जनावराची नोंद बघताही येते. खरेदी करताना दात बघता तसं हेही बघा.

दावण

विमा उतरवला असेल त्यांनी आणखी एक ध्यानात ठेवा. जनावर मेलं की बिल्ला मातीत जाऊ देऊ नका. विमा कंपनी पहिला प्रश्न बिल्ल्याचाच करते, बिल्ला नाही तर दावा नाही. आमच्या शेजाऱ्यानं रडत रडत गाय पुरली आणि दुसऱ्या दिवशी खड्डा उकरावा लागला.

खोंड

मी खिल्लारवाला. सगळे कागदावर बोलताय, मी कानावर बोलतो.

आमच्याकडं खिल्लाराचा कान म्हणजे त्याचं रूप. लहान, टोकदार, सतत हलता. जत्रेत गिऱ्हाईक लांबून चालत येतं ते शिंग, कान आणि चाल बघत. शर्यतीचं खोंड असेल तर त्याला अंगावर माशीसुद्धा बसू देत नाही आम्ही. त्या कानात भर पावसाळ्यात आरपार भोक पाडलं. तीन दिवसांत कान सुजला, आठव्या दिवशी अळ्या पडल्या. खोंड डोकं झाडून झाडून खांबावर आपटायचं. माझ्या आईनं रोज दोन वेळा फिनेलनं अळ्या काढून, हळद-कडुनिंबाचं तेल लावून तो कान वाचवला. कान वाचला पण टोकाला मुडपला. जत्रेत त्याची किंमत किती उतरली ते सांगत नाही, पण उतरली.

बिल्ला मारणारं पोरगं कंत्राटावरचं. एका दिवसात किती मारायचे ते ठरवून दिलेलं, पक्कड एकच, ती एका कानातून काढून दुसऱ्या कानात. मधे पुसलीसुद्धा नाही. रोगाला आवर घालायचा म्हणून जे करताय ते असं करायचं का?

पशुवैद्य७७

नाही, असं मुळीच करायचं नाही. खोंड, तुमचा राग रास्त आहे.

बिल्ला कानाच्या मधोमध, दोन ठळक शिरांच्या मधल्या जागेत बसला पाहिजे. कडेला मारला की फाटतो, मुळाशी मारला की सुजतो. आधी कान आतून-बाहेरून स्वच्छ करायचा, बिल्ल्याची टोकदार खीळ आणि पक्कड जंतुनाशकात बुडवायची, प्रत्येक जनावराला पुन्हा. मारल्यावर आयोडीन. पावसाळ्यात माश्या फार असतात, शक्य असेल तर दिवाळीनंतर मारून घ्यावा. आठवडाभर रोज कान बघायचा. बिल्ला मारताना हे सगळं होतंय का, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. 'पक्कड बुडवा' म्हणून सांगा. कुणी रागावलं तर रागावू द्या.

सईची आई

पहिल्यांदाच लिहितेय. वारणेच्या काठी आमचं गाव. मिस्टर तीन वर्षांपूर्वी गेले. गोठ्यात नऊ जनावरं आहेत, सहा म्हशी आणि तीन गाई. लग्न झाल्यापासून धारा मीच काढते, वैरण मी आणते, म्हैस अडली तर रात्री कंदील घेऊन मीच बसते. पण बिल्ल्यांची नोंद झाली तेव्हा घरचा कर्ता पुरुष म्हणून त्यांचं नाव आणि त्यांचा मोबाईल दिला होता. मला कुणी विचारलं नव्हतं आणि मलाही तेव्हा काही वाटलं नव्हतं.

ते गेल्यावर सहा महिन्यांत तो मोबाईल नंबर बंद झाला. कोण भरणार होतं त्यात पैसे? आता दूध माझ्या नावानं जातं, पैसे माझ्या खात्यात येतात, आणि गाई त्यांच्या नावावर. अनुदानाच्या वेळी 'गाईंचा मालक आणि दूध घालणारा वेगळा' म्हणून अर्ज परत आला. केंद्रावरचा मुलगा म्हणाला, काकी, मालकाला घेऊन या. त्याला माहीत नव्हतं. मी त्याला काही बोलले नाही.

दवाखान्यात मृत्यूचा दाखला दिला, तर वारस कोण ते तलाठ्याकडून आणा म्हणाले. सातबाऱ्यावर वारस नोंद होऊन माझं नाव लागलंय. म्हशीलाही वारस नोंद लागते का, हे मला खरंच विचारायचंय.

पशुवैद्य७७

ताई, तुम्हाला वारस दाखल्याची अट घालायला नको होती, असं माझं मत आहे. मृत्यूचा दाखला, रेशनकार्डावरचं तुमचं नाव आणि ग्रामपंचायतीचं पत्र एवढ्यावर मी माझ्या भागात अशा नोंदी बदलून दिल्या आहेत. तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या, त्यात नऊच्या नऊ नंबर लिहा आणि पोच घ्या. तोंडी सांगू नका. लेखी अर्ज आला की उत्तर द्यावं लागतं.

खोंड

ताई, तुमच्या तालुक्यात माझी सोयरीक आहे. कुणी सोबत यायला हवं असेल तर कळवा.

यॉर्कशायरकर

मी मूळचा साताऱ्याचा. सध्या उत्तर इंग्लंडमध्ये एका डेअरी फार्मवर काम करतो, १८० गाई आहेत. इकडचं सांगतो म्हणजे तुलना करता येईल.

इकडे हे सगळं वेड्या गाईच्या रोगानंतर आलं. १९९६ पासून प्रत्येक वासराला पासपोर्ट लागतो, १९९८ पासून सगळी नोंद संगणकात. दोन्ही कानांत बिल्ले असतात. दुधाच्या गाईच्या वासराला पहिला बिल्ला ३६ तासांत, दुसरा २० दिवसांत, पासपोर्टचा अर्ज २७ दिवसांच्या आत. चुकलं तर ते जनावर माणसाच्या खाण्यात कधीच येऊ शकत नाही, म्हणजे त्याची किंमत जवळपास शून्य. महाराष्ट्रापेक्षा कितीतरी कडक.

पण एक मोठा फरक आहे. इथे बिल्ले शेतकरी स्वतः मागवतो, स्वतः मारतो, जन्माची नोंद स्वतः करतो. जनावर विकलं की विकणारा 'गेलं' म्हणून कळवतो आणि घेणारा 'आलं' म्हणून, तीन दिवसांच्या आत. माझा मालक रात्री जेवण झाल्यावर टेबलावर बसून हे करतो. चूक झाली तर दंड त्याला, पण दुरुस्तीची किल्लीही त्याच्याच हातात.

माणगंगाकाठ

हेच! मला जे नीट मांडता आलं नव्हतं ते हेच आहे.

चार चौक

मी जनावरांचा व्यापार करतो. हेड्यांवर सगळं ढकललं जातंय म्हणून लिहितो. मी गाय घेतो आणि दोन-चार दिवसांत विकतो. तेवढ्यात ती माझ्या नावावर करायची, मग पुढच्याच्या. दर वेळी दवाखाना, दर वेळी ओटीपी. आठवडी बाजाराच्या दिवशी तीनशे जनावरं उतरतात आणि खात्याचा माणूस एक. तो आत येणाऱ्या जनावराच्या कानात बिल्ला आहे का एवढंच बघू शकतो. बिल्ला कुणाच्या नावावर आहे हे कोण बघणार?

बाजार समितीत पावती फाडतानाच घेणारा आणि विकणारा दोघं समोर उभे असतात. दोघांचे मोबाईल खिशात असतात. त्याच खिडकीवर नाव बदलून दिलं तर कुणालाच हेलपाटा नाही. आम्ही त्याचे वेगळे पैसे द्यायला तयार आहोत.

पशुवैद्य७७

सूचना चांगली आहे. पण आज ते काम खात्याच्या माणसाच्या लॉगिनमधूनच होतं, आणि माणसं नाहीत. माझ्याकडे दोन दवाखान्यांचा कार्यभार आहे. बाजाराच्या दिवशी मी तिथं उभा राहिलो तर दवाखाना बंद. समितीच्या कारकुनाला मर्यादित अधिकार दिले तर हे जमेल. मी माझ्या पातळीवर हे लेखी मांडणार आहे.

दावण

एक अवघड गोष्ट कुणी काढली नाही. एचएफचे गोऱ्हे, म्हणजे नर वासरं. मार्च २०१५ पासून बैल-वळूंच्या कत्तलीलाही राज्यात बंदी आहे. ट्रॅक्टर आल्यापासून गोऱ्ह्याला काम नाही आणि गिऱ्हाईकही नाही. आमच्या भागात लोक गोऱ्ह्याला बिल्लाच मारू देत नाहीत. उद्या त्याला सोडायची वेळ आली तर नंबरावरून आपलं नाव निघेल ही भीती. म्हणजे नोंदीत गाई दिसतात, गोऱ्हे दिसत नाहीत. लाळ-खुरकूत मात्र दोघांना सारखाच होतो. मी माझे दोन गोऱ्हे नोंदवलेत, सांभाळतोय, आणि किती दिवस सांभाळू शकेन ते सांगता येत नाही.

बालाघाटी

दावण, यावर वेगळा धागा काढा. आम्ही सगळे लिहू.

माणगंगाकाठ

उशिरा कळवतोय. श्रीगोंद्याच्या त्या शेतकऱ्याचा स्वतःहून फोन आला. मुलगी बरी होऊन घरी आली. त्यानं नवा नंबर नोंदवून घेतला, मी दवाखान्यात उभा राहिलो, त्यानं फोनवर ओटीपी सांगितला आणि पाच मिनिटांत गाय माझ्या नावावर झाली. पाच मिनिटांच्या कामाला साडेसात महिने लागले. मागच्या अनुदानाचं विचारलं, मुदत संपली म्हणाले. गाईची आधीची वेतं आता माझ्या मोबाईलवर दिसतात. ती परवा व्याली, कालवड झाली. चौथ्या महिन्यात लस आणि बिल्ला एकदमच करून घेणार आहे, पक्कड बुडवायला सांगून.

सईची आई, तुमचं काय झालं?

सईची आई

अर्ज दिला, पोच घेतली. खोंड दादांची बहीण सोबत आली होती. गेल्या मंगळवारी साहेब स्वतः गोठ्यावर आले. आठ जनावरं माझ्या नावावर झाली. नववी म्हैस म्हातारी आहे, तिच्या बिल्ल्यावरचे शेवटचे तीन आकडे झिजलेत, वाचता येत नाहीत. साहेब म्हणाले जुन्या वहीत शोधून सांगतो. वाट बघतेय.